घरून काम करणाऱ्या पगारदाराला घरातील कार्यालयाच्या खर्चावर आयकरात सवलत मिळते का?

फोंड्याची_लेक

सर्व जाणकारांस सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली चार वर्षे पूर्णवेळ नोकरीला आहे आणि फोंड्याजवळ भाड्याच्या घरातून काम करते. या चार वर्षांत कंपनीचे कार्यालय मी दोनदाच पाहिले आहे. माझे खरे कार्यालय म्हणजे बाल्कांवच्या (दारापुढील बसण्याच्या ओसरीच्या) बाजूची दहा बाय दहाची खोली, जी आम्ही घर भाड्याने घेतले तेव्हा पाहुण्यांसाठी ठेवली होती. गेल्या जूनमध्ये परदेशी ग्राहकासोबत बैठक चालू असताना एका तासात तीनदा वीज गेली, तेव्हा मी 32,000 रुपयांचा इन्व्हर्टर बॅटरीसह बसवून घेतला. त्याआधी पाठदुखीमुळे 18,500 रुपयांची खुर्ची घेतली होती. फायबर जोडणीचे महिन्याचे बिल 1,179 रुपये येते. दिवसभर पंखा व संगणक चालू असल्याने विजेचे बिलही वाढले आहे.

माझे वार्षिक वेतन 18 लाख रुपये आहे. त्यात मूळ वेतन महिना 60,000, घरभाडे भत्ता महिना 24,000 आणि घरून काम करण्याचा भत्ता महिना 3,000 रुपये येतो. घरभाडे मी 16,000 रुपये भरते. कंपनीने या आर्थिक वर्षाचे, म्हणजे 2025-26 चे, गुंतवणुकीचे व खर्चाचे पुरावे जानेवारीअखेर मागितले आहेत. माझे दीर इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात आणि घरून काम केल्याबद्दल तिकडे करात सवलत मिळाल्याचे ते सांगतात. तशी सवलत आपल्याकडे पगारदाराला मिळते का, आणि मिळत असल्यास ही बिले मी कंपनीकडे द्यावीत की विवरणपत्रात दाखवावीत, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च_मडगाव

ताई, तुमचा प्रश्न गोव्यातील अनेकांचा आहे. बंगळुरू, पुणे, मुंबई येथील नोकऱ्या घेऊन घरी परतलेली मुले दर जानेवारीत माझ्याकडे अशाच बिलांची पाकिटे घेऊन येतात आणि त्यांतली बहुतेक पाकिटे मला परत द्यावी लागतात. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की पगारदाराला घरातील कार्यालयाच्या खर्चाची वजावट स्वतःच्या विवरणपत्रात मागता येत नाही, मग तो खर्च कितीही खरा असो आणि त्याची पावती कितीही चोख असो.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. व्यवसाय करणाऱ्याला कलम 37 खाली व्यवसायासाठी झालेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. पगाराच्या उत्पन्नाला असे कलम नाही. आयकर कायदा 1961 च्या कलम 16 मध्ये पगारातून करायच्या वजावटी मोजून तीनच आहेत: प्रमाणित वजावट, सरकारी नोकरांपुरता करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. प्रमाणित वजावट जुन्या करपद्धतीत (जिथे बहुतेक सवलती मिळतात) 50,000 आणि नव्या पद्धतीत (जिथे दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत) 75,000 रुपये आहे. नोकरीसाठी तुमच्या खिशातून जे काही जाते ते या एका ठोक रकमेत आले असे कायदा धरतो. ही वजावट 2018-19 मध्ये 40,000 रुपयांनी परत आली, तेव्हा प्रवास भत्त्याची 19,200 आणि वैद्यकीय खर्चाची 15,000 रुपयांची करमुक्ती तिच्या बदल्यात काढून घेतली गेली. कोविडच्या काळात घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळी वजावट द्यावी अशी मागणी अर्थसंकल्पापूर्वी होत राहिली, परंतु ती कायद्यात आली नाही. हा अन्याय आहे असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण कार्यालयाचे भाडे, वीज आणि फर्निचर यांचा भार कंपनीच्या अंगावरून उतरून कर्मचाऱ्याच्या घरावर आला आणि कराचा नियम मात्र जागचा हलला नाही. तरीही विवरणपत्र भरताना जो नियम आहे तोच पाळावा लागतो.

आता 3,000 रुपयांच्या भत्त्याविषयी. कामासाठी दिलेले काही भत्ते कलम 10(14) आणि नियम 2बीबी यांखाली खर्चाइतके करमुक्त असतात, पण ती यादी ठरलेली आहे: दौऱ्याचा प्रवास, दैनिक भत्ता, कामासाठीचे जाणे-येणे, मदतनीस, संशोधन व प्रशिक्षण, गणवेश. घरातील कार्यालय त्या यादीत नाही. त्यामुळे वर्षाचे 36,000 रुपये पूर्ण करपात्र आहेत आणि तुमच्या टप्प्यात त्यांवर उपकरासह 20.8 टक्के दराने 7,488 रुपये कर जातो. कंपनीने त्या रकमेला दिलेले नाव पाहून ती करमुक्त आहे असे समजू नये.

घरभाडे भत्त्याची सूट केवळ जुन्या पद्धतीत मिळते. तुमचे वर्षाचे भाडे 1,92,000 असून त्यातून मूळ वेतनाचे 10 टक्के, म्हणजे 72,000, वजा केल्यास 1,20,000 रुपयांची सूट बसते. येथे एक चूक मी वारंवार पाहते. कंपनी मुंबईची असली की गोव्यात राहणारे कर्मचारी या सुटीला मूळ वेतनाच्या 50 टक्क्यांची मर्यादा लावतात. मर्यादा घर कोठे आहे यावरून ठरते, त्यामुळे गोव्यातील घराला 40 टक्केच लागू होतात. तुमच्या बाबतीत मात्र हा सगळा विचार फारसा उपयोगी नाही. कलम 80सी खालील गुंतवणुकीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे 25,000 धरले तरी जुन्या पद्धतीत तुमचा कर 2,58,960 रुपये होतो आणि नव्या पद्धतीत कोणतीही बिले न दाखवता 1,50,800 रुपये. फरक 1,08,160 रुपयांचा आहे. गृहकर्जासारखी मोठी बाब नसेल तर नवी पद्धतच घ्यावी.

पगारपत्रक

मी एका कंपनीत वेतन विभागात काम करतो आणि स्वतःही म्हापशातून घरूनच करतो. जमाखर्च ताईंचे म्हणणे बरोबर आहे. त्याला मी व्यवहारातील बाजू जोडतो. विवरणपत्राचे दार बंद असले तरी कंपनीचे दार उघडे आहे, कारण तोच पैसा कंपनी कोणत्या रूपात देते यावर त्यावरील कर ठरतो.

आयकर नियम 1962 मधील नियम 3 हा कंपनीने पगाराशिवाय दिलेल्या सुविधांच्या मूल्यमापनाचा नियम आहे. कंपनीने वापरायला दिलेल्या लॅपटॉप व संगणकाचे करपात्र मूल्य शून्य धरले जाते. इतर जंगम वस्तू कंपनीच्या मालकीची असेल आणि कर्मचारी ती घरी वापरत असेल तर तिच्या किमतीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी पगारात मिळवली जाते. म्हणजे तुमची 18,500 ची खुर्ची कंपनीने तिच्या नावावर घेऊन दिली असती तर वर्षाला 1,850 रुपयेच करपात्र ठरले असते आणि त्यांवरील कर सुमारे 385 रुपये झाला असता. तेच 18,500 रुपये भत्ता म्हणून हातात आले की 3,848 रुपये कर जातो. इन्व्हर्टरचेही तसेच आहे: वर्षाला सुमारे 666 रुपये विरुद्ध एकदम 6,656 रुपये. वस्तू केवळ कामासाठीच असेल तर हे 10 टक्केही धरू नयेत असा युक्तिवाद करता येतो, पण घरात ठेवलेल्या खुर्चीवर संध्याकाळी घरचे कोणी बसत नाही हे सिद्ध कोण करणार, म्हणून आमच्याकडे आम्ही ते धरतो.

टेलिफोन व मोबाइलचा खर्च कंपनीने प्रत्यक्ष बिलाप्रमाणे दिला तर तो सुविधेच्या मूल्यात येत नाही. नियमाच्या शब्दांत टेलिफोन आणि मोबाइल आहेत. फायबरचे बिल टेलिफोनच्या जोडणीसह येत असेल तर बहुतेक कंपन्या तेही याच सदरात मान्य करतात. तुमचे वर्षाचे 14,148 रुपये भत्त्यातून काढून बिलावर दिले गेले तर 2,943 रुपये कर वाचेल. हे नियम 3 मधून येत असल्याने नवी करपद्धती घेतल्याने ते बुडत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विजेच्या बाबतीत मात्र उलट आहे. घरच्या विजेचे, गॅसचे किंवा पाण्याचे बिल कंपनीने भरले तर ती पूर्ण रक्कम करपात्र सुविधा ठरते, त्यामुळे वीज खात्याची बिले कंपनीकडे पाठवू नका.

तुमची खुर्ची आणि इन्व्हर्टर तुमच्या नावाच्या बिलावर आधीच घेतले गेले आहेत. कंपनीने आता त्यांची रक्कम तुम्हाला दिली तर ती पगारच ठरेल. पुढच्या वेळी मात्र आधी परवानगी, बिल कंपनीच्या नावावर व तिच्या जीएसटी क्रमांकासह, आणि वस्तूची कंपनीच्या मालमत्ता नोंदवहीत नोंद, या क्रमाने जा. माझ्या स्वतःच्या खुर्चीच्या बैठकीखाली कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाचा छोटा चिकट कागद लावलेला आहे. लेखापरीक्षकांनी एकदा त्याचे छायाचित्र मागितले होते आणि त्या एका छायाचित्रावर प्रश्न मिटला.

नोकरी सोडताना कंपनी ती वस्तू तुम्हालाच ठेवून घ्यायला सांगते, त्या वेळीही कर येतो. खुर्चीसाठी दर पूर्ण वर्षाला मूळ किमतीच्या 10 टक्के घट धरतात, त्यामुळे तीन वर्षांनी फुकट मिळालेली ही खुर्ची 12,950 रुपयांची सुविधा ठरेल. संगणकासाठी घट दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 50 टक्के असते, म्हणून 80,000 चा लॅपटॉप तीन वर्षांनी 10,000 रुपयांचाच उरतो. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होत असल्याने पुढील वर्षाची मांडणी करताना नव्या नियमांतील क्रमांक व रकमा वेतन विभागाकडून पुन्हा तपासून घ्याव्यात.

स्विंडनवासी

तुमच्या दिरांनी सांगितले ते खरे आहे, पण ते पूर्ण नाही. येथे घरून काम करणे भाग असलेल्या कर्मचाऱ्याला, कंपनीने खर्च दिला नसेल तर, आठवड्याला 6 पौंड इतक्या रकमेवर पावत्यांशिवाय करसवलत मागता येते. 20 टक्के दराने ती वर्षाला 62 पौंड 40 पेन्स होते. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात ही सवलत 6 एप्रिल 2026 पासून बंद करण्याचे जाहीर झाले आहे. कंपनीने स्वतः खर्च भरून देण्याची सोय मात्र राहणार आहे. म्हणजे यापुढे येथेही सवलतीचा मार्ग कंपनीमार्फतच जाईल.

डिचोलीकर

माझ्या हातून झालेली चूक येथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातून ती होणार नाही. 2022-23 या वर्षाचे माझे विवरणपत्र एका ओळखीच्या माणसाने भरून दिले होते. मी जुन्या पद्धतीत होतो आणि माझे उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात होते. त्याने माझा महिना 8,000 रुपयांचा घरून काम करण्याचा भत्ता, म्हणजे वर्षाचे 96,000 रुपये, कलम 10(14) खाली करमुक्त दाखवले. परताव्याची रक्कम खात्यात जमा झाली तेव्हा मला आनंदच झाला आणि मी काही विचारले नाही. पुढे आयकर विभागाचा संदेश आला की फॉर्म 16 (कंपनीने दिलेले पगार व करकपातीचे प्रमाणपत्र) आणि विवरणपत्र यांतील सूट जुळत नाही. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. कंपनीच्या फॉर्म 16 मध्ये त्या रकान्यात शून्य होते आणि माझ्या विवरणपत्रात 96,000. खाली पडताळणीत नाव माझे होते, भरून देणाऱ्याचे नव्हते.

फेब्रुवारी 2025 मध्ये मी अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे मुदतीनंतर चूक सुधारण्यासाठीचे विवरणपत्र, भरले. मूळ कर 19,968 रुपये, त्यावर व्याज, आणि या दोहोंच्या बेरजेवर 25 टक्के जादा कर असा भरणा करावा लागला. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर ते 25 टक्के 50 झाले असते. विभागाने स्वतः प्रकरण उघडले असते आणि उत्पन्न चुकीचे दाखवले असे ठरले असते तर कलम 270अ खाली कराच्या 200 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकला असता. ताई, फॉर्म 16 मध्ये नसलेली सूट कोणी तुमच्या विवरणपत्रात घालून देतो म्हणाला, तर त्याला ती कोणत्या नियमाखाली आहे हे लिहून मागा.

फोंड्याची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. डिचोलीकर दादा, तुम्ही एवढे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल विशेष आभार. आता एक पुढचा प्रश्न आहे. कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की नोकरी सोडून त्याच कंपनीची सल्लागार व्हावे, मग घरातील सगळा खर्च वजा होतो आणि कर जवळजवळ उरत नाही. माझे पती अनुदानित शाळेत शिक्षक असून त्यांचे वेतन वर्षाला 9 लाख आहे. आम्ही दोघेही मूळचे गोव्याचे असून आमचा विवाह येथेच नोंदवलेला आहे आणि विवाहापूर्वी मालमत्तेविषयी कोणताही करार केलेला नाही. सहकाऱ्याचे म्हणणे कितपत खरे आहे?

जमाखर्च_मडगाव

विवाहाची माहिती तुम्ही दिलीत हे फार चांगले केलेत, कारण गोव्याबाहेरच्या सल्लागाराच्या हिशेबात नेमके तेच सुटते.

प्रथम खर्चाविषयी. स्वतंत्र व्यावसायिक नियमित हिशेब ठेवत असेल तर घराच्या भाड्याचा व विजेचा कामापुरता हिस्सा, संगणकावर 40 टक्के आणि फर्निचरवर 10 टक्के घसारा (वापरामुळे किमतीत धरलेली घट), असे वजा करता येते. पण माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक बहुधा कलम 44एडीए घेतात, ज्यात एकूण जमेच्या 50 टक्के रक्कम नफा मानली जाते. उरलेल्या निम्म्यातच तुमची खोली, खुर्ची आणि इन्व्हर्टर आले. त्यांची वेगळी वजावट मिळत नाही. निम्म्याहून कमी नफा दाखवायचा असेल तर हिशेबाच्या वह्या आणि लेखापरीक्षण यांची तयारी ठेवावी लागते.

आता गोव्याची गोष्ट. पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या दांपत्याला आयकर कायद्याचे कलम 5अ लागू होते. त्याप्रमाणे पगार सोडून इतर प्रत्येक सदरातील उत्पन्न पती-पत्नींत निम्मे निम्मे वाटले जाते आणि पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे पूर्ण राहतो. आज तुमचे दोघांचेही मुख्य उत्पन्न पगाराचे असल्याने वाटणी होते ती फक्त बँकेच्या व्याजासारख्या उत्पन्नाची. तुम्ही सल्लागार झालात आणि वर्षाला 18 लाख जमा झाले तर 9 लाख नफा धरून त्यातले साडेचार लाख तुमच्या पतींच्या उत्पन्नात जातील. तुमच्या वाट्याला कर येणार नाही हे खरे आहे. पण पतींचे करपात्र उत्पन्न आजचे 8,25,000 वरून 12,75,000 होईल, म्हणजे कलम 87अ खालील करमाफीच्या 12 लाखांच्या मर्यादेबाहेर जाईल. आज नव्या पद्धतीत त्यांना शून्य कर आहे, तो उपकरासह 74,100 रुपये होईल. घरातील एकूण कर 1,50,800 वरून 74,100 वर येतो, त्यामुळे बचत आहे, पण सहकारी सांगतो तशी ती संपूर्ण नाही.

त्या बचतीच्या बदल्यात काय जाते तेही पाहा. ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षांची सेवा लागते आणि तुमची चार पूर्ण झाली आहेत. मूळ वेतनाच्या 12 टक्क्यांप्रमाणे वर्षाला 86,400 रुपये कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरत असेल तर तेही थांबेल, गटविमा जाईल, भरपगारी रजा जाईल. अग्रिम कर (वर्ष संपण्याआधी भरायचा कर) 15 मार्चपर्यंत स्वतः भरावा लागेल आणि वर्षाची जमा 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी येईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोच वरिष्ठ, तीच हजेरी, तेच कामाचे तास आणि केवळ करारावरचे नाव वेगळे, अशी स्थिती असेल तर आयकर विभाग ते उत्पन्न पगारच मानू शकतो, आणि मग सगळा हिशेब मुळापासून फिरतो. तुम्हाला खरोखरच अनेक ग्राहकांचे स्वतंत्र काम करायचे असेल तर जरूर करा. केवळ एका खोलीच्या खर्चासाठी पक्की नोकरी सोडावी असे मी माझ्या मुलीलाही सांगणार नाही.

आणखी एक बाब: कलम 5अ लागू असलेल्यांनी आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा फॉर्म भरू नये. पगारदार असलात तरी आयटीआर-2 घ्या आणि त्यातील 5अ चे परिशिष्ट भरा. पतींचेही तसेच. तुम्ही आजवर कोणता फॉर्म भरत होता?

फोंड्याची_लेक

आम्ही दोघेही आयटीआर-1 च भरत होतो आणि मुदत ठेवीचे व्याज ज्याच्या नावावर ठेव त्याच्या नावावर दाखवत होतो. यंदापासून आयटीआर-2 भरू. नोकरी सोडण्याचा विचार आम्ही काल रात्रीच बाजूला ठेवला.

आज वेतन विभागाशी बोलणे झाले. फेब्रुवारीपासून भत्त्यातील 1,179 रुपये फायबरच्या बिलावर द्यायला ते तयार आहेत, पण बिल माझ्या नावाचे हवे म्हणतात आणि आमची जोडणी घरमालकीणबाईंच्या नावावर आहे. भाडेकरारावर नाव माझे आहे. तेवढे पुरेल का?

पगारपत्रक

आमच्याकडे ते चालत नाही, आणि तुमच्या कंपनीने नकार दिला तर त्यात चूक नाही, कारण तो खर्च कर्मचाऱ्याचा आहे हे बिलावरूनच दिसले पाहिजे. घरमालकीणबाईंची संमती घेऊन जोडणी तुमच्या नावावर करून घ्या, किंवा ती बंद करून तुमच्या नावाने नवी घ्या. त्या खोलीसाठी वेगळी जोडणीच घेतलीत तर आणखी चांगले, म्हणजे घरचा वापर आणि कामाचा वापर यांची सरमिसळ राहणार नाही. अर्ज जानेवारीतच द्या, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च अशी दोन बिले तरी या वर्षात बसतील.